एका स्पीकरवर ऐकलं

मी चौथी शिकलेला माणूस. पण टीव्हीवर लागणारे काही कार्यक्रम लागण्याच्या आधी माझ्यासमोरून जात, आणि मी 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय पुढे जात नसत. अमरावतीत आमच्या गल्लीत हे सांगितलं की लोक हसायचे.

"बाबाजी, मुंबईवाले तुमाले विचारून टीव्ही चालवते म्हणता का?"

"चालवत नाई. पण विचारते," मी म्हणायचो, आणि खोटं काही नव्हतं त्यात.

कार्यक्रमाचं शूटिंग होतं, मग तो कापून जोडतात, त्यावर गाणं-बजावणं आणि आवाज चढवतात. इतकं झालं की वाहिनीकडे पाठवण्याआधी एका माणसानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून पाहायचा असतो. मजेसाठी नाही, खोड काढण्यासाठी. ओठ आणि आवाज बरोबर चालतात का, चेहरा हिरवा पडला का, चित्र कुठं झटका खातं का, आवाज फाटतो का. खोड राहिली तर वाहिनी परत पाठवते. दोनदा परत आलं की तिसऱ्यांदा काम येत नाही. तो बसून पाहणारा माणूस मी. अकोल्याला, सरकीच्या एका जुन्या गोदामाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथं.

त्या खोल्यांची मालकीण म्हणजे एका लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याची मुलगी. पुण्याला हे सगळं शिकून आली आणि अकोल्यातच बसली. मुंबई-पुण्याची उरलेली कामं घेते, कापणं-जोडणं सगळं स्वतः करते. माझं अमरावतीत तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नवे पातळ टीव्ही आले, ते बिघडले की लोक फेकून देतात, दुरुस्त करत नाहीत. दुकानात नुसता बसून असायचो. तेव्हा ही पोरगी जुना डब्बा टीव्ही शोधत आली. तिला तसाच टीव्ही पाहिजे होता जसा हिवरखेडला नाही तर तेल्हाऱ्याकडच्या एखाद्या घरात अजून चालू आहे, एका स्पीकरचा. वाहिनीचा नियम होता, साध्या टीव्हीवरही पाहून पाठवा. मी टीव्ही चालू करून दिला, तिनं तिचा कार्यक्रम लावून पाहिला आणि मी सहज म्हणालो, "या बाईचा आवाज ओठाच्या मागून येऊन राहिला."

ती म्हणाली, "मी चारदा पाह्यलं. बरोबर हाये."

"पाचव्यांदा पाय."

तिनं पाहिलं. टीव्हीसोबत मलाही घेऊन गेली.

आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळची एसटी, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. माझ्यासमोर एक कागद असायचा, रकाने आखलेला. कोणत्या मिनिटाला, कोणती खोड. मला लिहायला जड जातं, म्हणून मी दोन शब्द लिहायचो. 'ओठ मागे.' 'चेहरा हिरवा.' 'आवाज फाटला.' ती त्याचं इंग्रजी करून पाठवायची. माझे दोन शब्द इंग्रजीत चार ओळी होत. खाली सही माझीच, मराठीत. ती सही मुंबईला जाते याचा मला फार अभिमान होता. हे मी लपवत नाही.

लपवलं ते दुसरंच.

मागच्या दिवाळीच्या आधी एका सकाळी उठलो तर डाव्या कानात शिट्टी वाजत होती. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर जी बारीक वाजायची, तशी. सर्दी असेल म्हणून गरम तेल घालत बसलो. बायको म्हणत होती, दवाखान्यात चला. मी म्हणत होतो, होईन बरं. महिन्यानं गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, नस गेली, पहिल्याच आठवड्यात यायला पाहिजे होतं. तोवर शिट्टीही थांबली होती. डावीकडे काहीच नव्हतं. आपण दार लावतो, तसं.

घरी बायकोला माहीत झालं. अकोल्याला मी बोललो नाही. आवाज तपासणारा माणूस आणि एका कानानं बहिरा, असं कोण ठेवून घेईल? मी मेकॅनिक माणूस, मी तोड काढली. हेडफोनला दोन वाट्या असतात, डाव्या बाजूचा आवाज डावीत, उजव्याचा उजवीत. मी भाग एकदा हेडफोन सरळ घालून पूर्ण पाहायचा. मग हेडफोन उलटा करून, डावी वाटी उजव्या कानावर, पुन्हा पूर्ण पाहायचा. दोन्ही बाजू एकाच कानानं, पाळीपाळीनं. वेळ दुप्पट लागायचा, पण काम पक्कं.

तिनं एक दिवस विचारलं, "काकाजी, दोन-दोनदा काहून पायता जी?"

"एकदा डोयानं, एकदा कानानं."

तिला ते इतकं आवडलं की तिनं वाहिनीच्या माणसाला फोनवर सांगितलं, आमचे काकाजी प्रत्येक भाग दोनदा पाहतात. तिकडून शाबासकी आली. मी शाबासकी घेतली आणि चहा घेतला. चहा कडू लागला असं काही नाही. गोड लागला.

मार्चात उन्ह तापायला लागलं तसा तो डब्बा टीव्ही बसला. आतला एक पार्ट जळाला होता. तो पार्ट आता कोणी बनवत नाही, अमरावतीत दोन दुकानं पाहिली, अकोल्यात एक. ती म्हणाली, "काकाजी, राहू द्या. एखादा लहान स्पीकर घेऊन घेतो."

"मी बसलो असताना? लोकं काय म्हणतीन, मेकॅनिकच्या खोलीत टीव्ही बंद! मी आणतो पार्ट."

"कधी?"

"आणतो म्हणलं नं."

कागदावर शेवटचा रकाना असायचा, 'एका स्पीकरवर ऐकलं'. त्यात खूण करायची. टीव्ही बंद पडला त्या आठवड्यात मी तो कोरा सोडला. तिनं विचारलं, हे राहून गेलं का? मी म्हटलं, हो, राहून गेलं, तोवर एक सुटा स्पीकर जोडून ऐकतो, आणि तिच्यासमोर खूण केली. त्या वेळी हात थोडा थांबला होता. पुढे थांबायचा बंद झाला. दोन्ही बाजू मी वेगवेगळ्या ऐकल्या आहेत, दोन्हीत सगळं ठीक आहे, मग एकत्र ऐकून काय निराळं निघणार, असा माझा हिशोब.

तेव्हाच तेरा भागांचं मोठं काम आलं. वऱ्हाडातल्या गावांवरची मालिका. गावातले लोक आपलं सांगतात आणि मधेमधे एक बाई पडद्यामागून त्या गावाबद्दल बोलते. ती बाई म्हणजे चांदूर बाजारकडची शाळेतली मास्तरीण. कधी टीव्हीचं तोंड न पाहिलेली, म्हणजे आतून. आवाज असा की ऐकतच राहावं. तिचं सगळं बोलणं अकोल्यालाच आमच्या बाजूच्या खोलीत घेतलं होतं.

पहिला भाग जोडून झाला तेव्हा मालकिणीनं मला बोलावलं. "काकाजी, हे ऐका बरं. बाईचा आवाज मले कसातरी वाटून राहिला. मोठा वाटते, पण डोक्याच्या मागून आल्यासारखा."

मी हेडफोन घातला. सरळ ऐकलं, मास्तरीण स्वच्छ. मालकिणीची पाठ वळली तेव्हा हेडफोन उलटा केला, मास्तरीण स्वच्छ.

"टन्न हाये, काई खोड नाई," मी म्हणालो.

"मागून नाई वाटत?"

"माया कानाले काय शिकवतं बेटा? तुवं वय नाई तेवढे टीव्ही उघडले म्या."

ती हसली. "बरं बाप्पा, पास."

खूण केली, सही केली. पहिला भाग गेला, मागून दुसराही गेला. तिसरा, चौथा मी पास करून ठेवले होते.

पहिला भाग शनिवारी संध्याकाळी पाचला लागणार होता. घरी आमचाही टीव्ही डब्बाच. मी असेपर्यंत तो मरणार नाही असं बायको म्हणते, ते कौतुकानं की वैतागानं मला आजपर्यंत कळलं नाही. ती पावणेपाचलाच समोर बसली. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पाहून झालेलं पुन्हा काय पाहायचं म्हणून पेपर धरून, पण कान तिकडेच. कान म्हणजे जो आहे तो.

संगीत सुरू झालं. मग नुसतं संगीतच चालू राहिलं.

"काय जी," बायको आतून ओरडली, "तुमी तं म्हणे बाई लय गोड बोलते. बोलून कुठं राहिली?"

मी आत गेलो. पडद्यावर गाव दिसत होतं, देऊळ, पिंपळ, मागे पेटी वाजत होती. या ठिकाणी मास्तरीण बोलते हे मला पाठ होतं. शब्द न् शब्द. आवाज नव्हता. मग एक म्हातारा पडद्यावर आला आणि त्याच्या गाईबद्दल ठणठणीत बोलला. तो गेला, पुन्हा गाव, पुन्हा पेटी आणि बाई गायब.

"टीव्ही बिघडला," मी म्हणालो.

"आत्ता तं त्या बुढ्याचं ऐकू आलं."

"तू चूप राह्य. मले समजते."

मी पेचकस आणला, चालू कार्यक्रमात टीव्ही मागून उघडला. बायको कपाळाला हात लावून बसली. स्पीकर पाहिला, ठीक. कथलाचे टाके पाहिले, ठीक. केबलच्या डब्यातून टीव्हीत येणाऱ्या वायरी पाहिल्या. आमच्या टीव्हीला आवाजाचं एकच भोक आहे, म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही वायरी मीच पूर्वी टाका मारून एक करून ठेवल्या होत्या. टाका कच्चा असेल म्हणून मी लाल वायर ओढून काढली.

मास्तरीण बोलायला लागली. मोकळी, गोड.

"आली नं!" बायको म्हणाली. "शाबास."

मी लाल वायर परत टेकवली. बाई गेली. काढली, बाई आली. टेकवली, गेली. चार-पाचदा केलं. बायको म्हणाली, "अहो, काय खेळून राहिले? ऐकू द्या नं." मी पेचकस खाली ठेवला.

तरुणपणी मी लग्नाच्या मांडवात भोंगे लावायचो. दोन भोंग्यांपैकी एकाच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. वेगवेगळे वाजवा, दोन्ही उत्तम. एकत्र केले की आवाज जातो. मास्तरणीचा आवाज एका बाजूला सुलटा आणि दुसऱ्या बाजूला उलटा भरला गेला होता. दोन कानांच्या माणसाला तो डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो. एका स्पीकरवर तो नाहीसाच होतो. आणि जगात एकच माणूस असा असेल ज्याला तो दोनदा ऐकूनही ठीक वाटेल. जो एका कानानं, पाळीपाळीनं ऐकतो.

भाग संपला. टीव्ही उघडाच होता.

रविवारी मी शेजाऱ्यांकडे जाऊन उगाच त्यांच्या नव्या टीव्हीची चौकशी केली. "काल आमच्या अकोल्याचा कार्यक्रम पाह्यला का?" "पाह्यला. चांगला होता. थोडा पोकळ आवाज वाटला." नव्या टीव्हीला दोन स्पीकर असतात, तिथं बाई थोडीतरी वाचली होती. पण गावागावात किती घरांत डब्बे असतील? ज्या गावांवरची मालिका त्याच गावात. जेवण गेलं नाही. दुपारी मालकिणीचाच फोन आला.

"काकाजी, पाह्यला का?"

सांगायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलं.

"पाह्यला. चांगला झाला."

"काकी काय म्हणते?"

"काकीले आवडला."

बायको भाजी निवडत होती, तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी फोन ठेवल्यावर ती काही म्हणाली. डावीकडून म्हणाली असेल, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही.

सोमवारच्या एसटीत मी सगळं ठरवून घेतलं. दोष बाजारातल्या वायरीवर घालायचा. मास्तरणीचा माईक ज्या वायरीनं जोडला होता ती तयार आणलेली होती, माझ्या हातची नव्हती. बडनेऱ्यापर्यंत हे मला पटलं. मूर्तिजापूरला वाटलं, वाहिनीवर घालू, त्यांच्याकडे काही झालं असेल. बोरगाव मंजू आलं तेव्हा वाटलं, काहीच बोलू नये, पुढचा भाग लागेपर्यंत पार्ट शोधून टीव्ही चालू करू आणि 'अरे, हे काय' म्हणून मीच पकडू. हे सगळ्यात चांगलं वाटलं. आपणच पकडली म्हणजे आपलीच शाबासकी. इतकं मी ठरवलं होतं, हे सांगताना लाज वाटते, पण ठरवलं होतं.

जिना चढलो तर मालकीण फोनवर होती. मला पाहून हातानं बसा म्हणाली.

"नाई हो मॅडम, आमी काहून कापू तुमचा आवाज? ... तुमचा टीव्ही जुना असेल ... बरं, त्यांचाही जुना असेल ..."

फोन ठेवून तिनं डोळे मिटले. "मास्तरीण होती. गावात सगळ्यांले बोलावून बसवलं म्हणे टीव्हीसमोर. आजूबाजूचे, शाळेतले. तिची माय म्हातारी हाये, थे टीव्हीले कान लावून बसली होती, आता बोलीन, मंग बोलीन. बाई बोललीच नाई. मले म्हणते, माया आवाज पसंत नव्हता तं तोंडावर सांगा लागत होतं, लोकाइच्या समोर कापाले नाई पायजे होता."

मी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

"अन् वाहिनीवाल्याचाही निरोप हाये," ती म्हणाली. "अजून दोन-तीन ठिकाणाहून आलं म्हणे आवाज नव्हता. विचारून राहिले, एका स्पीकरवर तपासलं होतं का? म्या लिहूनच टाकलं." तिनं पडद्यावरचं पत्र मला मराठीत सांगितलं. की आमचे तपासणीस तीस वर्षं टीव्हीच्या कामात आहेत, भाग दोनदा पाहतात, एका स्पीकरवर ऐकल्याची खूण कागदावर आहे, सोबत कागद जोडला आहे. बिघाड असेल तर पाहणाऱ्याच्या टीव्हीत किंवा केबलवाल्याकडे असेल. "बरोबर हाये नं काकाजी? पाठवू?"

माझा कागद पडद्यावर दिसत होता. शेवटच्या रकान्यात माझी खूण, मोठी, रेघेच्या बाहेर गेलेली. तिचं बोट बटणावर होतं. पत्र गेलं असतं तर तिकडच्यांनी भाग एका स्पीकरवर लावून पाहिला असता, आणि मग खोटा मी नाही, ती खोटी ठरली असती. तिचं पुण्याचं शिक्षण, बापाचं नाव, त्या दोन खोल्या. बुढ्याच्या एका खुणेवर.

"थांब बेटा. पाठवू नको."

"काहून?"

"थांब म्हणलं."

बंद टीव्हीतला स्पीकर मी पेचकसनं बाहेर काढला. दोन वायरी घेतल्या, टाका मारला, पहिल्याच भागाचा आवाज त्यावर लावला. पेटी वाजली. बाई नाही. एक वायर सोडली, बाई आली. तिला शिकवावं लागलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं वायर दोनदा जोडून पाहिली, आणि खुर्चीत बसली.

"म्हणजे तुमी हे ऐकलंच नव्हतं."

"टीव्ही बंद हाये मार्चपासून. सुटा स्पीकर म्या कधी जोडलाच नाई."

"खूण हाये कागदावर."

"खूण खोटी हाये." मग मी वायर बाजारातली आहे हेही सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो.

"म्या विचारलं होतं तुमाले," ती हळू आवाजात म्हणाली. "मागून वाटते का म्हणून विचारलं होतं. तुमी म्हणाले, माया कानाले काय शिकवतं. म्या माया कानावर बोळा फिरवला अन् तुमचा धरला."

ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. मला ओरडता येतं. पण ती ओरडली नाही.

"डावा कान नाई मले," मी म्हणालो.

"नाई म्हणजे?"

"नाई म्हणजे नाई. दिवाळीपासून."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिनं टेबलावरचा हेडफोन पाहिला. उचलला, सरळ धरला, मग उलटा धरला.

"म्हणून दोनदा?"

"म्हणून."

खाली गोदामात कोणी पोती टाकत होतं, त्याचे धक्के जमिनीतून येत होते. ती उठली, पाणी पिऊन आली. आधी मास्तरणीला फोन लावला, मास्तरणीची आई आहे का विचारलं आणि आईला सांगितलं की तुमच्या पोरीचा आवाज आम्ही कापला नाही, चूक आमची आहे, पुढच्या शनिवारी ऐका. मग पडद्यावरचं पत्र पुसलं, एक कोरा कागद माझ्यासमोर ठेवला.

"लिहा. तुमच्या हातानं. म्या इंग्रजी करतो."

मी आयुष्यात इतकं लांब लिहिलं नव्हतं. 'भाग पहिला, दुसरा. बाईचा आवाज एका स्पीकरवर गायब. एका बाजूची वायर उलटी. तपासलं नव्हतं. खूण खोटी.'

तिनं वाचलं. "खूण खोटी, हेही पाठवू?"

"पाठव."

तिनं पाठवलं. मग आम्ही बसलो. ती बसली कामाला, मी नुसता. दुरुस्ती तिनं माझ्यासमोर केली, एका बाजूचा आवाज उलटा केला की झालं. एका बटणाचं काम होतं. ते पाहून मला जास्त वाईट वाटलं. चार वाजेपर्यंत प्रत्येक फोनला मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. चारला तिकडून उत्तर आलं. बुधवारी दुपारपर्यंत जोडलेले सगळे भाग दुरुस्त करून पाठवा, पहिला भाग पुन्हा दाखवायचं बघू, पुढच्या कामाचं नंतर बोलू. आणि तपासणीच्या कागदावर दुसऱ्या माणसाची सही पाहिजे.

"सही माई राहीन आता," ती म्हणाली.

"अन् मी?"

"तुमी घरी जा काकाजी. आज नका विचारू."

मंगळवारी मी घरीच होतो. बायकोला सगळं सांगितलं, ती इतकंच म्हणाली, "दवाखान्यात महिनाभर उशिरा गेले, इथं तरी दोनच दिवस उशीर केला." टोमणा होता, पण बरा वाटला. बुधवारी पहाटे मी घरचा टीव्ही झाकून बांधला, चादरीत, नाडीनं. बायकोनं एक टोक धरून दारापर्यंत आणून दिला.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, याचं अर्धं तिकीट का पुरं?"

"माया वयाचा हाये. अर्धं."

अकोल्याला ऑटोवाल्यानं वर चढवायला हात लावला, तरी जिन्यात दोनदा टेकलो. तिनं दार उघडलं.

"कोनं बोलावलं तुमाले?"

"कोनं नाई. टीव्ही ठेवाले आलो. ठेवतो अन् जातो."

ती टीव्हीकडे पाहत राहिली. "काकी काय पाहीन मंग?"

"काकी म्हणे, आता बाई बोलल्याशिवाय मले टीव्ही नाई पायजे."

"लावा तिथं," ती म्हणाली. "उभे काहून राहिले?"

चारही भाग आम्ही त्या टीव्हीवर ऐकले. मी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. एका स्पीकरला एक कान पुरतो. तिसऱ्या भागात मला एक झटका दिसला, मी बोललो नाही, कारण सही माझी नव्हती. मग राहवलं नाही, बोललो. तिनं मागे घेऊन पाहिला, दुरुस्त केला. शेवटी तिनं कागद काढला, सगळे रकाने स्वतः भरले, सही केली, आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून कागद माझ्याकडे सरकवला.

"हा एक तुमचा. बाकी माये. पण ऐकल्याशिवाय खूण केली तं..."

"तं?"

"तं काकीले फोन करीन."

मी खूण केली. लहान, रकान्याच्या आत.

पुढचं काम मिळालं की नाही हे अजून ठरलेलं नाही, म्हणून सांगत नाही. पण त्या शनिवारचं सांगतो, दुसरा भाग लागणार होता. घरी टीव्ही नव्हता. बायको पाचला समोरच्या घरी गेली. त्यांच्याकडे अजून एक जुना डब्बा आहे, म्हातारीच्या खोलीत, त्याच्यावरच पाहीन म्हणाली. मला चल म्हणाली नाही आणि मी गेलो नसतो. मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. वायर उलटी पाठवली असेल, जुनाच भाग लागला असेल, काही नवंच झालं असेल. चांदूर बाजारकडे एक म्हातारी पुन्हा टीव्हीला कान लावून बसली असेल. घड्याळात पाच वाजून दहा झाले, पंधरा झाले. समोरच्या घरातून नुसता गोंगाट येत होता, त्यातून मला काही वेगळं काढता येईना.

बायको रस्ता ओलांडून आली आणि काही म्हणाली. मला आलं नाही. ती माझ्या डावीकडे उभी होती. मग तिच्या लक्षात आलं, ती माझ्या मागून फिरून उजवीकडे आली, आणि चिडून म्हणाली, "बोलून राहिली म्हणलं नं. देवळापाशी बोलली, पिंपळापाशी बोलली, आता त्या गाईवाल्याच्या जागी दुसरा बुढा बोलून राहिला, त्याच्या मंग पुन्हा थेच बोलीन. मी चालली, तुमी फिरत राहा इथंच."

ती परत गेली. मी थोडा वेळ उभा राहिलो, मग पायात चपला घातल्या आणि तिच्या मागे गेलो.